देवकाबाईंच्या मागची बैलजोडी

वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेतल्या इला इंगोलेंना कोणी विचारलं, की तुम्ही काय करता, तर त्या म्हणतात, "जुन्या फोटोंची चौकशी." ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही. पण इतिहासाची पुस्तकं काढणाऱ्यांना बरोबर कळतं. सभेचा, मिरवणुकीचा, पुढाऱ्याचा जुना फोटो किंवा जुना नकाशा छापायचा असला, की तो इलाताईंकडे येतो. हा कुठून आला, कधीचा आहे आणि छापायचा हक्क कोणाकडे आहे, या तीन प्रश्नांचा निकाल लागल्याशिवाय बाई सही करत नाहीत. त्यासाठी प्रकाशकांनी हात जोडावेत की डोकं फोडावं, तो त्यांचा प्रश्न.

नकाशांवर तर त्यांचा भारी जीव. एकदा एकाने 'स्वातंत्र्याच्या वेळचा' म्हणून एक नकाशा पाठवला. बाईंनी आधी वर्धा शोधली. ती मध्य प्रदेशात आणि राजधानी नागपूर. म्हणजे नकाशा पन्नास ते छप्पनमधला. "आमची वर्धा जागची हालली नाई," त्यांनी फोनवर सुनावलं, "पण बसल्या जागी चार राज्यं पाहिली तिनं. मध्यप्रांत, मध्य प्रदेश, मुंबई, महाराष्ट्र. तिले विचारल्याशिवाय तारीख टाकत नको जाऊ."

अशा बाईंच्या घरातच एक फोटो होता आणि त्याची चौकशी आजवर कोणी केली नव्हती.

बैठकीच्या खोलीत, सासरे वासुदेवरावांच्या खुर्चीच्या बरोबर वर तो टांगलेला. देवळीच्या गल्लीतून मिरवणूक चाललीय. पुढे देवकाबाई, वासुदेवरावांची आई, एका हातात झेंडा आणि कडेवर वर्षभराचं लेकरू. "बेचाळीसचं साल. अन् कडेवर मी," असं वासुदेवराव येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. दूधवाल्यालाही हे पाठ झालं होतं. मास्तर म्हणून मुलांना इतिहास शिकवला, पण इतिहासात आपण स्वतः आहोत, आईच्या कडेवर का होईना, हा त्यांचा खरा अभिमान होता.

जिल्ह्यातल्या बायकांच्या लढ्यावर पुस्तक निघत होतं. प्रकाशकाला मुखपृष्ठासाठी हाच फोटो हवा होता आणि चौकशी अर्थातच इलाताईंकडे आली. वासुदेवरावांनी त्या दिवशी स्वतःच्या हाताने फोटो भिंतीवरून उतरवला, धोतराच्या सोग्याने काच पुसली आणि सुनेच्या टेबलावर ठेवला.

दोन दिवसांनी इलाताई त्यांच्यासमोर येऊन बसल्या.

"मामाजी, हे बेचाळीसचं नाई वाटत मले."

"काऊन?"

त्यांनी भिंग पुढे केलं. देवकाबाईंच्या मागच्या भिंतीवर दोन बैलांची तोंडं रंगवलेली होती. ती अगदी वरच्या कोपऱ्यात, म्हणून कपाळ आणि गळ्यामागचं अंग चौकटीबाहेर गेलेलं.

"बैलजोडी. काँग्रेसची निशाणी. ती आली बावन्नच्या निवडणुकीत. त्याच्या आधी भिंतीवर ती कोण काढन?"

वासुदेवरावांनी बोटांवर हिशेब केला. बावन्नमध्ये ते अकरा वर्षांचे होते. मग कडेवर ते नव्हतेच. ती सुमित्रा, त्यांची धाकटी बहीण, एक्कावन्नची. इंगोल्यांच्या घरी लेकरं दोनच, मधल्या दहा वर्षांत कोणी नाही.

"म्हणजे जन्मभर मी लोकायले खोटं सांगून राह्यलो," ते म्हणाले आणि उठून आत गेले.

रात्री इलाताई जेवण अर्धं टाकून पुन्हा भिंग घेऊन बसल्या. नवरा अभिराम म्हणाला, "लिहून टाक ना बेचाळीस. कोण पाहून राह्यलं?"

"मी पाहून राह्यली ना!" त्या फाडकन म्हणाल्या.

पण मनात त्यांनाही बोचत होतं. चौकटीतला फोटो म्हणजे चारी बाजूंनी कापलेली प्रत. मूळ न बघताच आपण निकाल दिला, दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर त्याची आपण सालटी काढली असती. मागच्या पुठ्ठ्यावर पुसट शिक्का होता : श्रीनिवास सरोदे, देवळी. सकाळची बस धरून त्या निघाल्या.

श्रीनिवास फोटोवाले कधीच गेले होते. त्यांचा नातू गजेंद्र त्याच जागेत मोबाइल दुरुस्त करत होता. पण आजोबांच्या काचा त्याने जपल्या होत्या. पूर्वी फोटो फिल्मवर नाही, काचेवर उतरत. काळं ते पांढरं, पांढरं ते काळं. माळ्यावरची पेटी खाली आली. एकेक काच खिडकीच्या उजेडात धरत दोघं बसले आणि दुपारच्या चहाच्या आधी देवकाबाई सापडल्या.

पूर्ण काच चौकटीतल्या फोटोच्या दुपटीने मोठी होती. गजेंद्रने मोबाइलवर तिचा फोटो घेऊन काळ्याचं पांढरं केलं. कापून टाकलेल्या भागात आणखी एक झेंडा होता, वाऱ्यावर पुरता उलगडलेला आणि त्यावर चरखा. अशोकचक्र नव्हे, चरखा. काँग्रेसने आपल्या झेंड्यावर चरखा पुढेही ठेवला, पण खालच्या पाटीवर 'इंग्रज सरकार मुर्दाबाद' असं होतं. म्हणजे मिरवणूक स्वातंत्र्याच्या आधीची. इलाताई उठून उभ्या राहिल्या आणि पुन्हा खाली बसल्या. पाटी सत्तेचाळीसच्या आधीची आणि बैल बावन्नचे, हे एका फोटोत कसे नांदतील?

"बैलायचं मोठं कर बरं, गजेंद्र."

आता बैल आख्खे दिसत होते. पाठीवर नक्षीची झूल, कपाळाला बाशिंग. आणि खांदा मोकळा. जू नव्हतंच.

इलाताई हसायलाच लागल्या. बाई शेतकऱ्याची लेक. लहानपणी पोळ्याला भिंतीवर गेरूने बैल काढताना एकदा त्यांनी हौसेने जूही काढलं होतं, तेव्हा आईने हातावर चापट मारली होती : "आजच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू? कालच हळद-लोणी लावून आवतन देलं ना त्याले!" निवडणुकीच्या निशाणीतल्या जोडीच्या खांद्यावर जू असायचंच. बिनजुवाचा, बाशिंगाचा बैल म्हणजे फक्त पोळा. निशाणी नव्हतीच ती. कोण्या घरच्या लेकराबाळांनी सणाला काढलेले बैल होते.

मग सगळं आपोआप जुळलं. स्वातंत्र्याच्या आधी देवकाबाईंच्या कडेवर बसायला जगात एकच लेकरू होतं, एक्केचाळीसचं. ते वर्षभराचं दिसतंय, म्हणजे साल बेचाळीस, पोळ्याच्या आगेमागे.

निघताना गजेंद्रने विचारलं, "ताई, फोटोचा हक्क आमचा का?"

खोटं बोलणं सोपं होतं, गोड बोलणं त्याहून सोपं. इलाताईंनी सरळ सांगितलं, "नाई बावा. त्या काळच्या फोटोचा हक्क पन्नास वर्षांनी संपते, तो कधीचाच संपला. काच मात्र तुमची आहे, ती कोणाले देऊ नको. अन् तुह्या आजोबाचं नाव फोटोखाली छापल्याशिवाय मी सही करत नाई."

 गजेंद्रने काच आपल्या धुतलेल्या दुपट्ट्यात गुंडाळली आणि स्कॅन करायला स्वतः वर्ध्यापर्यंत सोबत आला.

घरी वासुदेवराव रिकाम्या खिळ्याखाली बसले होते. इलाताईंनी पायही न धुता ओळ वाचून दाखवली : "देवकाबाई इंगोले, कडेवर मुलगा वासुदेव. देवळी, पोळ्याच्या सुमारास, १९४२. छायाचित्र : श्रीनिवास सरोदे."

म्हाताऱ्याने ती ओळ पुन्हा वाचायला लावली. पण मास्तर तो मास्तर.

"मले वाईट वाटलं म्हणून लिहिलं का हे? खरं सांगजो."

"मामाजी, तुमच्या सांगण्यावर एक अक्षर नाई लिहिलं मी." आणि त्यांनी झेंडा, पाटी, झूल, मोकळा खांदा, सगळं बोट ठेवून दाखवलं.

वासुदेवरावांनी डोळे पुसले आणि मांडीवर थाप मारली.

पुस्तक येऊन आता बरेच दिवस झाले. घरी कोणी आलं, की वासुदेवराव अजूनही फोटो दाखवतात, पण सुरुवात बदललीय. आईचं नाव, स्वतःचं नाव मागाहून येतं. आधी ते स्वयंपाकघराकडे मान वळवतात आणि ऐकू जाईल अशा आवाजात, छाती फुगवून सांगतात :

"हे आमची सून. माह्या शब्दावर तिनं बिलकूल विश्वास नाई ठेवला!"