डावी लिफ्ट

त्या इस्पितळात दोन लिफ्ट शेजारीशेजारी आहेत. उजवी बहुतेक रिकामी, डावीपुढे मात्र कायम रांग. डावीचा लिफ्टमन पन्नाशीचा, केस चापून बसवलेले, गणवेशाला कडक इस्त्री. पूर्वी तो स्वतःच चेष्टा करायचा, "अहो, दोन्ही त्याच मजल्यावर जातात. माझी काय स्वर्गात जाते?" पण डॉक्टरांनी हात टेकलेला एक म्हातारा त्याच्या लिफ्टने वर गेला आणि महिन्याभराने स्वतःच्या पायांनी घरी गेला. झालं! लोक लिफ्टमनचा हात रुग्णाच्या कपाळावर ठेवून घेऊ लागले. त्याची चेष्टा बंद झाली, मान ताठ झाली.

माझ्या मुलीला दम्याचा झटका आला त्या दुपारी सासूबाईंनी स्ट्रेचर अडवून धरलं.

"डावीनेच न्या. त्याच्या हाताला यश आहे."

"आई, उजवी उघडी आहे. तिचे ओठ बघा!"

"दोन मिनिटांत काय आभाळ कोसळतंय?"

रांग तसूभर हलेना. एकजण वळून म्हणाला, "ताई, आम्हीही सहलीला नाही आलो."

दार उघडलं, पुढचे आत शिरले. लिफ्टमनने मुलीच्या निळ्या ओठांकडे पाहिलं. आत निम्मी जागा मोकळी होती.

"भरली," तो म्हणाला आणि आमच्या मागच्या, हाताला प्लास्टर घातलेल्या माणसाला आत घेतलं.

मी सासूबाईंचा हात झटकला आणि स्ट्रेचर उजवीत ढकललं. मुलगी वाचली, थोडक्यात.

पुढे वॉर्डातल्या सिस्टर सलाईन बदलता बदलता म्हणाल्या, "तो चेहरा बघून घेतो हो. टिकेलसा वाटला नाही, की भरली. मग लोक म्हणतात, उजवी अपशकुनी." नळी सरळ करत पुढे म्हणाल्या, "गेल्या वर्षी त्याच्या बायकोला आणलं, तिलाही भरलीच म्हणाला. ती गेली. याच्या लिफ्टला मात्र डाग लागला नाही."

इतके दिवस मी या लोकांना भोळे समजत होते. कसले भोळे! त्यांना खात्री हवी, त्याला मान हवा. मधल्यामध्ये कुणाचं पोर गुदमरलं तरी रांग मोडायची नाही.

घरी निघालो तेव्हा सासूबाईंनी त्याला हात जोडले. "तुमची नजर पडली, म्हणून पोर वाचली."

त्याने डोळे मिटून मान डोलावली. तेवढीही लाज नव्हती. दार धरून म्हणाला, "ये बाळ."

मी मुलीचा दंड धरून तिला मागे ओढलं.

"अगं, दम लागेल तिला!" सासूबाई ओरडल्या.

"उतरायचंच तर आहे. जिन्याने थांबत थांबत जाऊ."

पहिल्याच वळणावर मुलगी कठडा धरून थांबली.

"आई, त्या दिवशी त्या काकांनी मला का नाही घेतलं?"

तुझ्या चेहऱ्यावर त्याला मरण दिसलं, हे दहा वर्षांच्या पोरीला कसं सांगायचं?

"भरली होती," मी म्हणाले, आणि थुंकून टाकावंसं वाटलं.