कव्हरातल्या चिठ्ठ्या

आईचा फोन आला तेव्हा मी मोबाइलवर सीडी ठेवायच्या पेट्याच बघत होते. "अकोल्याचा मामा गेला गं..." एवढंच ती बोलली. समोर अजून ती पेटी होती. कडक प्लास्टिकची, आत खाचा असलेली, आठ दिवसांत घरपोच. चार महिने माझं ठरत नव्हतं. एकीचं झाकण सैल वाटायचं, दुसरीखाली कुणाची तरी तक्रार असायची. मामा दर रविवारी मला अमरावतीला फोन करून विचारायचा, "काय वं, तुही पेटी अजून कारखान्यातच हाय का?"

मामा लग्नांचं शूटिंग करायचा. पातूर, नांदगाव खंडेश्वर, जिथून बोलावणं येईल तिथे. एक सीडी मुलीकडच्यांना, एक मुलाकडच्यांना आणि तिसरी, न सांगता, स्वतःच्या कपाटात. कारण वर्षांनी लोक यायचे. घरातलं कुणी गेलं की भिंतीवर लावायला फोटो सापडतो. पण तेच माणूस चालताना, जेवताना बघायचं असेल तर मामाकडे यावं लागे. सीडीवर तो पेन टेकवू द्यायचा नाही, शाई आत उतरते म्हणायचा. नाव कव्हरातल्या चिठ्ठीवर. गाव, नवरी, आणि कोण कुठे दिसतं तेही... 'आजोबा, हिरवा फेटा, पंगतीत तिसरे.'

मला माणसांशी बोलण्यापेक्षा कपाटं आवरणं सोपं जातं. मागच्या दिवाळीत मी अकोल्याला होते. मामा पातूरला गेलेला असताना मी सगळ्या सीडी एका चेनच्या अल्बममध्ये, मऊ प्लास्टिकच्या खिशांत भरल्या आणि तडकलेली, धुळकट कव्हरं चिठ्ठ्यांसकट भंगारवाल्याला दिली. इंग्रजी शाळेत शिकलेली मी. त्याचं गिचमिड मराठी वाचायचा कंटाळा केला, हे खरं कारण. मामा परत आला, पानं उलटत राहिला. "अन् नावं कुठी हायेत?" मामीच म्हणाली, "भंगारात." त्यानं अल्बमची चेन ओढून बंद केली. मग हसला, "चाला, आता सगळ्यायच्या लग्नात पुन्हा जा लागते. या खेपेले जेवण नाही भेटत फक्त."

तेव्हापासून तो एकेक सीडी पुन्हा बघून चिठ्ठ्या लिहू लागला. उन्हाळ्यात अल्बमचे खिसे सीडींना चिकटायला लागले, तेव्हा पेटी निवडायचं काम त्यानं मला दिलं. "कडक पाहिजे, सीडी उभी राहिली पाहिजे, अन् चिठ्ठीले जागा. तूच आण." ती शिक्षा नव्हती, हे आता कळतं. तेव्हा मात्र पुन्हा चुकेन या भीतीनं मी ती मागवलीच नाही.

मामा गेल्यावर मागवलेली पेटी तेरवीनंतर आली. त्यानं चिठ्ठ्या लिहून ठेवलेल्या सीडी तिच्या चार खाचांत मावल्या. बाकी सगळ्या बिननावाच्या. त्याच आठवड्यात, मी अजून अकोल्यालाच असताना, नांदगावहून एक माणूस आला. "माय गेली, बाई. तिले बोलताना पाहाचं हाय. कपायावर गोंदण होतं तिच्या." मी "सापडेल" म्हणून बसले.

दर शनिवारी अकोल्याला जाते. अर्धा अल्बम बघून झाला, ती माय काही दिसली नाही. प्लेअरमध्ये मामानं शेवटची लावलेली सीडी तशीच होती. तिला मी हात लावत नव्हते. ती आत असेपर्यंत वाटायचं, मामा नुसता पाणी प्यायला उठलाय... परवा मामी म्हणाली, "त्याची माय त्यातच असली तं?"

बटण दाबलं. मामा थांबला होता तिथूनच ती सुरू झाली. पंगत. जांभळ्या लुगड्यातली एक बाई कॅमेऱ्यासमोर ताठ, घास हातातच. आणि मागून मामाचा आवाज, "काकू, फोटो नोय हा! हाला ना थोडंसं!" बाई तोंडाला पदर लावून हसली.

तिच्या कपाळावर गोंदण नव्हतं. नांदगावचा माणूस अजून फोन करतो. "पाहून राहिली, भाऊ," मी म्हणते.

त्या सीडीची चिठ्ठी मी लिहिली. गावाची जागा कोरी आहे. पुढे, 'काकू, जांभळं लुगडं, पंगतीत पहिल्या. हसतात.' आणि खाली, 'मामा, कॅमेऱ्यामागे.' पेटीत ती पाचव्या खाचेत उभी आहे.