चेटकिणीच्या दारात

माझ्या नवऱ्याला माझा रक्तगट ठाऊक आहे, कपाटाची दुसरी किल्ली कुठे असते ते ठाऊक आहे. पुढे जे सांगते आहे ते त्याला ठाऊक नाही. बहिणीला नाही, मुलीला नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखत असतात तर सांगितलं नसतं, हेही आधीच सांगून टाकते.

मी रडकी बाई नाही. बावीस वर्षं झाली, गणित शिकवते. गणितात पायरी चुकली की उत्तर चुकतं, त्यात रडण्यासारखं काही नसतं. तेव्हा मला हे चार ओळींत सांगता यायला हवं. पण पाहा — सुरुवात करून झाली आणि मी अजून मुद्द्याच्या जवळपासही नाही.

आधी हे ऐका, की मला कॉम्प्युटरवर गेम खेळायचा नाद होता. हसा, हरकत नाही. सदतीस वर्षांची बाई, शाळेत मॅडम, आणि गेम! दोन हजार सालानंतरची ती दोन-अडीच वर्षं. आम्ही तीर्थपुरीत राहायचो, अजूनही राहतो. नवरा जालन्याला एमआयडीसीत बियाण्यांच्या कंपनीत. सोमवारी जायचा, शनिवारी यायचा. मुलगी औरंगाबादला होस्टेलवर. माझी शाळा सकाळची. दुपार सगळी मोकळी — आणि मला मोकळं बसता येत नाही.

बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत पुष्पाचं दुकान होतं. दोन जुने कॉम्प्युटर, एक प्रिंटर, ऊन लागू नये म्हणून दारावर हिरवा पडदा. पुष्पा माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून माहेरी परत आलेली, भावाच्या घरात नुसतं बसून राहायचं नाही म्हणून जालन्याला जाऊन टायपिंग शिकून आलेली. अर्ज, लग्नपत्रिका, आमच्या शाळेच्या प्रश्नपत्रिका ती टाइप करायची. काम नसलं की मशीन तासावर खेळायला द्यायची. ती आणि तिची आई, दोघींचं त्यावर भागत होतं.

मी प्रश्नपत्रिका घेऊन गेले होते. तिचं टाइप होईपर्यंत दुसऱ्या मशीनसमोर बसले. दुसऱ्या आठवड्यात प्रश्नपत्रिका नसतानाही गेले. तिसऱ्या आठवड्यापासून गेल्या वर्षीच्या प्रश्नपत्रिका पिशवीत घालून जायला लागले — गल्लीत कुणी पाहिलं तर दिसाव्यात अशा, थोड्या बाहेर काढून. म्हणजे खोटेपणा तिथेच सुरू झाला होता. पण तो लहान खोटेपणा. त्याची लाज मला वाटत नाही.

गेम इंग्रजी होता. एक ओसाड खोरं, विहिरी आटलेल्या, आणि तुम्ही एक भटका योद्धा. गावोगाव फिरायचं, लोकांशी बोलायचं, त्यांची कामं अंगावर घ्यायची, राक्षस मारायचे, मंत्र आणि मुळ्या गोळा करायच्या, ताकद वाढवत न्यायची. लाईट कधीही जायची, म्हणून दर दहा मिनिटांनी सेव्ह करायचं — ते मात्र मी कधी चुकले नाही.

नुसतं खेळून माझं समाधान होईना. तपासायची सवय लागलेली! एक दोनशे पानी वही घेतली, तिला ब्राऊन पेपरचं कव्हर घातलं आणि उत्तरपत्रिकेतल्या चुका काढाव्या तशा गेमच्या चुका काढायला लागले. योद्धा कुणाच्याही घरात शिरतो, पेटी उघडतो, हवं ते घेतो, घरचे बघत उभे राहतात — चूक. तीन गावं, तीन वाणी, तिघांच्या तोंडी एकच वाक्य — आळस. बायका एक तर औषध देतात नाही तर पाणी मागतात, लढणारी एकही नाही — हे कुणी ठरवलं? नकाशावरचं अंतर आणि प्रत्यक्ष चालायला लागणारा वेळ यांचं प्रमाण कुठेच जुळत नाही.

आणि दलदलीतली चेटकीण. खोऱ्यातला प्रत्येक माणूस तुम्हाला सांगतो की विहिरी तिनेच आटवल्या. तुम्ही तिच्या झोपडीशी जाता, ती दारात येते, लढाई सुरू होते, ती मरते. पुढचा रस्ता उघडतो. ती लढाई मी पाच-सहा वेळा खेळून पाहिली, काही वेगळं घडतंय का म्हणून. दर वेळी तेच. शेवटी मी लाल शाईने लिहिलं — ‘आरोपीला बोलू दिलेले नाही. कथानकाचा गंभीर दोष.’

पुष्पा ती वही वाचून हसून हसून टेबलावर डोकं ठेवायची.

“मॅडम, किती मार्क देऊन राह्यल्या मंग गेमला?”

“पस्तीस. तेही ग्रेसचे धरून.”

“अन् रोज दुपारी येऊन बसता त्या नापास लेकराजवळ!”

चेटकिणीचं लाल शाईतलं वाचून मात्र ती हसली नव्हती. म्हणाली, “मॅडम, तुम्ही तलवार उपसूनच जाता तिच्याकडं. हातात कोयता घेऊन कुणाच्या दारात गेलं, तं ती काय चहा इचारील का? म्यान करून जा की एकदा.”

मी म्हटलं, अगं, गेम आहे तो, त्यात अशी सोय नसते. मला मशीनचं कळतं, तुला टायपिंगचं कळतं — असं म्हटलं नाही, पण आवाज तसाच होता माझा.

“तुम्हाला लई जल्दी असते,” ती म्हणाली आणि तिच्या कामाला लागली.

मग ते सहामाहीचे निकाल. आठवी-नववीचे वर्ग घसरले. काही मुलं शाळा बुडवून पुष्पाच्या दुकानाकडे जायची, हे खरं. ती त्यांना दारातूनच हाकलून द्यायची, हेही खरं — शनिवारी मधल्या सुट्टीत प्रश्नपत्रिका द्यायला गेले होते तेव्हा मी डोळ्यांनी पाहिलेलं. “मास्तरला पाठवू का घरी?” असं ओरडून तिने पाच जणांना पिटाळलं होतं. पण एका विद्यार्थ्याच्या वहीत चेटकिणीचं चित्र सापडलं, खाली मंत्र लिहिलेला. झालं. गावात बोलणं सुरू झालं, की तिथे करणी शिकवतात. नवरा सोडलेली बाई, दारावर पडदा. याला आणखी काय लागतं?

शाळेत पालकांची सभा झाली. पुष्पालाही बोलावलं होतं. ती मागच्या भिंतीपाशी उभी होती. बस म्हणून कुणी म्हटलं नाही. मीही नाही.

त्या विद्यार्थ्याचे वडील वही उंच धरून उभे राहिले. “हे बघा! हे शिकून राह्यलेत आमचे लेकरं. पाढे येईनात, मंतर बराबर पाठ हाय!”

मागून कुणी तरी म्हणालं, “दुकानाला पडदा कायला लागतो पण? आमच्या किराण्याला न्हाई लागत तो!” आणि हशा झाला.

मुख्याध्यापक माझ्याकडे वळले. “मॅडम, तुम्हाला कॉम्प्युटरमधलं कळतं. काय आहे हा गेम, तुम्हीच सांगा.”

इथपर्यंत मी नीट आले. आता पाय अडतो.

काय सांगायचं होतं? हा गेम मी रोज खेळते. साधा गेम आहे, करणी-बिरणी काही नाही. शाळेच्या वेळेत ती कुणाला आत घेत नाही, मी पाहिलं आहे. एवढंच. तीन वाक्यं. आणि त्याचं मला काय झालं असतं? लोक हसले असते. शनिवारी नवऱ्याने विचारलं असतं, काय गं, हे खरं का? दोन-चार दिवस वर्गात माझ्या पाठीमागे खुसखुस झाली असती. नोकरी पक्की होती. तिला कुणी हात लावू शकत नव्हतं. हे सगळं मला त्या क्षणी कळत होतं — नंतर सुचलेलं नाही हे.

मी उठले आणि म्हणाले, “मी चौकशी केली आहे.”

चौकशी!

माझी वही जवळ नव्हती, ती दुकानातच असायची. पण मला पाठ होती. मी वर्गात बोलते तशी, हात मागे बांधून बोलले. या गेममध्ये दुसऱ्याच्या घरात शिरून वस्तू उचलतात. बायकांना त्यात मान नाही. मंत्र आहेत, हो. आणि लोकांच्या सांगण्यावरून एका बाईला तिच्या दारात जाऊन मारतात, तिला एक शब्दही बोलू देत नाहीत.

पुढच्या रांगेतल्या एक बाई “अगं बाई!” म्हणाल्या.

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मी पुष्कळ दिवस त्याच्या आधाराने झोपले — खोटं तर बोलले नाही ना? पण वहीत ते गेमचे दोष होते. त्या खोलीत मी ते पुष्पाच्या अंगावर टाकले, आणि मला ते टाकायचेच होते. कारण ती जितकी वाईट ठरेल तितकं मी तिथे जात असेन असं कुणाच्या मनातही येणार नव्हतं.

मी तिच्याकडे पाहिलं नाही. नाही — पाहिलं. एकदा. मी एखादी लढाई हरायच्या बेतात असले की ती मागे उभी राहून जशी बघायची, तशी बघत होती. माझं नाव घेतलं असतं तर सभा तिथेच उलटली असती. तिने घेतलं नाही. का घेतलं नाही? मी कधी विचारलं नाही.

दुकानाशी शाळेने संबंध ठेवायचा नाही, पालकांनी मुलांना पाठवायचं नाही, असं ठरलं. सगळ्यांनी हात वर केले, मीही केला. भिंतीपाशी उभ्या असलेल्या बाईला कुणी एक प्रश्न विचारला नाही. लाल शाईत ते वाक्य लिहिणारी मी — मलाही सुचलं नाही.

प्रश्नपत्रिका जालन्याहून छापून यायला लागल्या. लग्नपत्रिका, अर्ज, तेही हळूहळू थांबलं. त्या पडद्याच्या आत बायका जाईनात. घरमालकाने जागा मागितली. दोन महिन्यांत दुकान संपलं.

गाव सोडून जायच्या दिवशी पुष्पा माझ्या घरी आली. दारातच उभी राहिली. हातात माझी वही, वर एक फ्लॉपी.

“तुमचं सामान, मॅडम. गेम सेव्ह केल्ता, त्याच्यात हाय.”

मी म्हटलं, चहा घे.

“नगं. टेम्पो थांबलाय.”

मी आग्रह केला नाही. खरं सांगायचं तर ती जाते आहे याने मला हलकं वाटलं. आईला घेऊन ती जालन्याला गेली आणि एमआयडीसीत एका बियाण्यांच्या कारखान्यात पाकिटं भरायच्या कामाला लागली, असं नंतर कळलं. माझा नवरा जातो त्याच रस्त्यावरचा कारखाना. सकाळी टेम्पोत दाटीवाटीने उभ्या राहून जाणाऱ्या बायका त्याला रोज दिसतात. त्यातली एक कोण, हे मी त्याला कधी सांगितलं नाही.

चार वर्षांनी मुलीसाठी घरात कॉम्प्युटर आला. जालन्यात त्याच गेमची सीडी मिळाली. एका दुपारी घरी कुणी नसताना मी फ्लॉपी लावली. चालेल असं वाटलं नव्हतं. चालली.

योद्धा दलदलीच्या काठावर उभा होता, झोपडी समोर. आणि त्याची तलवार म्यानात होती. मी ती कधीच म्यानात ठेवत नसे. हे मी सेव्ह केलेलं नव्हतं.

मी त्याला तसाच पुढे नेला. चेटकीण दारात आली. लढाई सुरू झाली नाही. ती म्हणाली, लांबून चालत आलेला दिसतोस, बस. मग ती बोलत राहिली. विहिरींचं पाणी ती येण्याच्या पुष्कळ आधीपासून उतरत होतं. ती दोरी टाकून मोजत होती, तिच्याकडे मापं होती. गावात कुणालाच ती मापं ऐकायची नव्हती. गेममधली लांब बोलणी मी बटण दाबून पुढे ढकलायची. त्या दिवशी शेवटपर्यंत वाचली.

म्हणजे सोय होती. दोष गेमचा नव्हता.

वही काढली आणि लाल शाईतलं ते वाक्य खोडलं. चुकीची खूण खोडायची, ही माझी सवय आहे. सभेत बोलले ते कुठल्या वहीत नाही.

पुष्पा अजून जालन्यातच आहे. बसने जवळच आहे, आणि घर शोधणंही अवघड नाही. नवऱ्याला विचारलं तर आठ दिवसांत कळेल.

मी गेलेली नाही.