सैनिकी दर्जाची मेथी

मंगळवारी माझा नवरा गेला. हॉस्पिटलमधून फोन आला, मी गेले, सही केली, घरी आले.

लोक भेटायला येतात, त्याच्याबद्दल चांगलं बोलतात. मी मान डोलावते आणि मनात त्याचं कुलूप आठवून हसू दाबते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. लग्नानंतरचं पहिलं वर्ष आम्ही देशाच्या दोन टोकांना काढलं. मी न्यू जर्सीत, पिस्कॅटवेला पीएचडी करत होते. तो शुगर लँडला नोकरीत होता आणि माझ्याजवळ यायला इकडे गुपचूप दुसरी शोधत होता. त्याच्या शेजारच्या टेबलावर नागपूरचे एक काका बसत. फोन दोघांत एकच, तोही काकांच्या हाताशी. काकांना कळलेलं संध्याकाळपर्यंत साहेबाला कळतं, असा आमचा पक्का समज. म्हणून ईमेल, आणि तीही कुलूपबंद, म्हणजे किल्लीशिवाय कुणाला वाचता न येणारी.

कुलपाचा प्रोग्रॅम बसवताना विचारायचा, किल्ली केवढी हवी? लहान किल्ली चटकन चाले, पण तिचं कुलूप फोडायला सोपं. सगळ्यात मोठीपुढे लिहिलं होतं, 'सैनिकी दर्जा'.

"लहान घे," मी त्याला म्हटलं. "मी मेथी केली, हे कोण फोडून वाचणार आहे?"

"लावायचं तर नीट लावू."

त्याने सैनिकी घेतली. ऑफिसातलं मशीन म्हातारं. माझा निरोप उघडायला घेतला की ते त्यातच अडकून पडायचं, दुसरं काही करायचं नाही. हा तेवढ्यात कॉफी पिऊन कप धुवून यायचा.

अर्जावर त्याने माझा नंबर दिला होता, म्हणून एका सकाळी कंपनीचा फोन माझ्याकडे आला. गुरुवारी मुलाखत, येणार का ते दुपारपर्यंत कळवा. मी लगेच लिहायला बसले. पण घरी पत्र लिहायची सवय अशी, की आधी सगळ्यांची खुशाली, मग जेवणखाण, आणि कामाचं शेवटी. तसंच लिहिलं, कुलूप लावलं, पाठवलं.

पुढचं त्याने संध्याकाळी फोनवर सांगितलं. मशीन अडकलं होतं आणि काका मागे येऊन उभे राहिले.

"काय करून राहिला रे?"

"व्हायरस तपासतोय, काका."

"रोज तपासते तुझं मशीन. काहून, सर्दी झाली का त्याला?"

तेवढ्यात कुलूप उघडलं. पडदाभर मेथी. शेवटच्या ओळीत मुलाखत. रोमन अक्षरांतलं मराठी. सबंध ऑफिसात ते वाचू शकणारा माणूस एकच, आणि तो मागे उभा होता.

काकांनी सावकाश, शेवटपर्यंत वाचलं.

"मेथीत दाणे घालते का रे ती?"

"घालते."

"मग जा तू. गुरुवारी तुझं पोट दुखते, मी सांगतो साहेबाला." आणि फोन उचलून त्याच्यापुढे धरला. "लाव तिकडे. दुपार होऊन राहिली."

ती नोकरी त्याला मिळाली. तो पिस्कॅटवेला आला, आणि पुढे एकमेकांना लिहायचं कारणच उरलं नाही.

त्या वर्षातले निरोप एका डिस्कवर आहेत. त्याने मला लिहिलेले माझ्या किल्लीने उघडतात. मी त्याला लिहिलेले त्याच्या किल्लीने, पण तिला त्याचे परवलीचे शब्द लागतात, आणि ते मला माहीत नाहीत.