खुंटीवरची हलगी

आमच्या घरात माझ्याआधी कोणी पेन धरले ते सहीपुरतेच. तेव्हा चार लोकांनी वाचावे म्हणून मी लिहायला बसणे हा आगाऊपणाच आहे. ज्यांना तसे वाटेल त्यांची माफी मागतो, आणि तरी लिहितो.

मी नाशिकला कॉलेजात होतो. गाव वणीच्या बाजूला. गॅदरिंग जवळ आले तेव्हा मराठीच्या सरांनी मला बोलावले. सर मनाने चांगले. त्यांची पुस्तके मी महिना महिना ठेवून घेई, ते कधी बोलले नाहीत.

"आपल्या लोककला झपाट्याने चालल्यात रे," ते म्हणाले. "तुझ्या घरी हलगी असेलच. वडिलांकडून शीक आणि स्टेजवर वाजव. मुंडासे, खांद्यावर घोंगडी. लोक बघत राहतील!"

हलगी होती. आबा, म्हणजे माझे वडील, पूर्वी यात्रेत पालखीपुढे ती वाजवत. पालखी देवळात जाई, आबा पायरीखाली थांबत. एरवीही चावडीवरून हाक आली की हातातला घास ठेवून, खांद्यावर घोंगडी टाकून पळावे लागे. आम्ही बौद्ध झालो आणि पुढच्या यात्रेला आबांनी जायचे नाकारले. गावाने आमची मजुरी तोडली, गिरणीत दळण घेईनात. आई दळणाचा डबा डोक्यावर घेऊन शेजारच्या गावी जायची. आबा गेले नाहीत ते नाहीतच. तेव्हापासून हलगी खुंटीवर.

रविवारी घरी जाऊन मी सरांचा निरोप सांगितला. आबा हसले.

"घोंगडी पण? मग आम्ही ती टाकली कशाला?"

"मग हलगी वाईट आहे का, आबा?"

"हलगी लय गुणाची हाय. हाकेला पळावं लागायचं ते वाईट."

आई चुलीजवळून म्हणाली, "गुणाची हाय तर नुसती टांगलीय कशाला? उंदरांनी खाल्ली की मग बसा गुण गात."

 आईचे बोलणे मला टोचले. कातडे फाटले, आबांचा हात विसरला, तर सरांचेच म्हणणे खरे होणार होते. आणि वाजवली, तर आबांनी सोसलेले सगळे फुकट.

सोमवारी मी सरांना म्हणालो, "वाजवतो, सर. पण आधी आमच्या गावात ती का थांबली ते सांगीन. घोंगडी घेणार नाही."

"अरे, करमणुकीचा कार्यक्रम आहे. लोक काय मोर्चाला येतायत?"

"मग मी नाही येत."

सरांना वाईट वाटले. "अशाने तुमची कला मरेल रे."

 माझ्या तोंडातून गेले, "मरू द्या, सर. माणसे तर जगली."

खोलीतल्या मित्राने हे ऐकून कपाळाला हात लावला. "झालं! आता मराठीत पस्तीस मिळाले तरी पेढे वाट."

गॅदरिंगला मी गेलो नाही. हीच हकिकत मी कॉलेजच्या वार्षिक अंकाला लिहून दिली. जागा नाही म्हणून ती परत आली. म्हणून आज पुन्हा लिहिली.

एप्रिलमध्ये परीक्षा होती, त्यामुळे जयंतीला गावी जाता आले नाही. परीक्षा संपत आली तेव्हा चुलतभाऊ हॉस्टेलवर आला. पिशवी खाली ठेवायच्या आधीच बोलू लागला.

"तुला कळलं का? आबांनी हलगी काढली! पाचटाच्या जाळावर शेकली आन् जयंतीच्या मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढं. नेहमीसारखं आपल्या वस्तीतल्या वस्तीत नाय, थेट गावाच्या मधल्या आळीतनं. देवळापाशी आम्ही म्हणलो, आता थांबतील. कशाचं! तसंच वाजवत पुढं."

"गाव काय म्हणालं?"

"पाटील ओट्यावर बसला व्हता. म्हणला, 'का रं, यात्रेला बोलावलं की तुझा हात दुखतो, आज बरा झाला?'"

"मग?"

"आबा म्हणले, 'आज कुणी बोलावलं नाय, म्हणून आलो.'"