एका खात्याचे तीन धनी

मी ज्या माणसाच्या कानशिलात मारली, तो मला पाहून हसत पुढे आला होता.

माणिकपूरला माझे व्हिडिओ गेमचे लहानसे दुकान होते. वापरलेल्या डिस्क घ्यायच्या, पुसून पुन्हा विकायच्या, यावर माझा संसार चालला. पुढे गेम थेट इंटरनेटवर विकले जाऊ लागले. गिऱ्हाइकाच्या हाती वस्तूच येईना, आणि कंपनीचा नियम असा की घेतलेला गेम दुसऱ्याला विकता येणार नाही. शेजारची दोन दुकाने मिटली. आम्ही उरलेल्यांनी वाट काढली : माणसाचे अख्खे खातेच पासवर्डसकट विकत घ्यायचे आणि दोघांना विकायचे, कारण एक खाते दोन यंत्रांवर विनातक्रार चालते. गेम बनवणाऱ्यांना त्यातले काहीच पोचत नसे. ‘त्यांनीच आमचा गळा आवळला,’ असे मी म्हणत असे, आणि तेवढ्याने माझ्या मनाची समजूत पटत असे.

वालीवच्या कारखान्यात लेथ चालवणारा एक तिशीचा तरुण आपले खाते विकायला आला. त्याला जहाजावर नोकरी लागली होती. आठ दिवसांनी वैद्यकीय तपासणी, ती झाली की रवानगी.

“नऊ महिने समुद्रात, काका. तिथं खेळायला बसलो तर कॅप्टन पाण्यात फेकेल,” तो म्हणाला.

त्याला सांगितल्याप्रमाणे त्याचे खाते मी दोघांना विकले. मग तिसरे गिऱ्हाईक आले. मी त्यालाही विकले.

चौथ्या दिवशी त्यांतला एक दुकानात शिरला. खाते बंद पडले होते. त्याने कॉलर धरून माझे डोके शटरवर आपटले, एकदा नव्हे, तीनदा. “म्हाताऱ्या, चोरीचा माल विकतोस?” म्हणत त्याने काउंटरची काच लाथेने फोडली. तोंडात रक्ताची चव घेऊन मी काचांमध्ये बसलो होतो, आणि मनात एकच नाव होते : खाते विकणाऱ्या त्या तरुणाचे. विकलेले खाते जुन्या मोबाइल नंबरावरून परत खेचून घेणे ही आमच्या धंद्यातली ठरलेली फसवणूक. मी कोणालाही काही विचारले नाही. स्कूटर काढली आणि आगाशीच्या अलीकडे त्याच्या वाडीत गेलो.

तो विहिरीजवळ मोटारसायकल धूत होता. “या काका, मी तुमच्याकडेच…” एवढेच तो बोलला. माझा उजवा हात त्याच्या डाव्या कानावर बसला. तो गुडघ्यांवर आला, तरी मी थांबलो नाही. लाथ घातली, मानेला धरून विहिरीच्या कठड्यावर दाबले. त्याचा बाप कोयता उचलून धावला. आईने त्याच्या कमरेला मिठी घातली नसती, तर हे लिहायला मी उरलो नसतो.

कानातून रक्त येत असतानाच त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. कंपनीचा संदेश होता : अनेक ठिकाणी वापर झाल्यामुळे खाते कायमचे बंद. त्याने काहीही परत घेतले नव्हते.

“दोघांना विकलं तरी बंद करतात?” त्याने कण्हत विचारले.

मी ‘हो’ म्हणालो.

कानाचा पडदा फाटला होता. तपासणीत तो नापास झाला. पडदा भरून यायला काही महिने लागणार होते. जहाज तेवढे थांबणार नव्हते. त्याने पोलिसांत तक्रार केली नाही, कारण माझीही फसगतच झाली असे समजून त्या घराने सारा दोष कंपनीच्या माथी मारला होता. मी तो तिथेच राहू दिला.

दोन महिन्यांनी मी दुकान मिटवले आणि पुन्हा त्या वाडीत गेलो. तो ओट्यावर बसला होता. मी शेजारी बसून, खाली पाहत, सगळे सांगितले : तिसरे गिऱ्हाईक, ते ‘हो’. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, “काका, या कानानं ऐकू येत नाही. इकडनं बोला. मोठ्यानं.”

मी दुसऱ्या बाजूला गेलो आणि मोठ्याने सांगितले. आत त्याच्या बापाने ऐकले. तो बाहेर आला आणि मुलाला म्हणाला, “ऊठ. हाण त्याला.”

मुलाने माझी कॉलर धरून मला उठवले. मूठ वळली होती. “याला मारून जहाज परत येणार का, बाबा?” तो ओरडला, आणि त्याने मला ढकलून दिले. मी अंगणात पडलो.

त्याच्या आईने फाटक उघडून धरले. मी बाहेर पडताच आतून कडी लागली.