चुकलेल्या केसचं स्टूल

मुकुंदभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी दवाखान्यात एका आजोबांची नक्कल त्यांनाच करून दाखवत होतो. आजोबा खुदखुदत होते. फोन ठेवून मी त्यांना औषध लिहून दिलं... काय लिहिलं, ते आठवत नाही.

प्रताप नगरात मुकुंदभाऊंच्या दवाखान्यात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही आठ डॉक्टर केस-चर्चेला जमायचो. डॉक्टरांना शिकवणाऱ्या एरवीच्या सभांत पडद्यावर आकडे असतात आणि शेवटी पनीर. इथं भाऊंचा नियम वेगळा होता. आपली चुकलेली केस सांगायची, आणि तीही पेशंटच्या स्टुलावर बसून. मला तर ते स्टूल म्हणजे रंगमंच वाटायचा. पेशंटचं कण्हणं, त्याच्या बायकोचा ठसका, माझी फजिती... सगळे लोळायचे. भाऊ डोळे पुसत म्हणायचे, "विलास, तुह्या नाटकात पेशंट दरवेळी बरा कसा होऊन राहिला गा?" खरंच होतं. मी तेवढ्याच चुका निवडायचो.

गेल्या उन्हाळ्यात ते पोटदुखी घेऊन माझ्याकडे आले. "पाठीतही कळ येते. पँट ढिली होऊन राहिली." मी म्हणालो, "वहिनींले सांगा, तर्री कमी करा." दोघंही हसलो. तीन महिने मी अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या दिल्या. मग त्यांचे डोळे पिवळे झाले. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतापर्यंत पोचलेला.

शेवटच्या भेटीत मी त्यांना हसवायला गेलो, तर त्यांनी हात धरला. "आधी कळलं असतं तर वाचलो असतो का, मले माहीत नाही. पण माही केस तूच मांड. नाटक करू नको."

"तिथं वहिनी असतील."

"चहा तीच करते ना गा."

परवाच्या रविवारी मी स्टुलावर बसलो. समोर सहा जण. वहिनी ट्रे घेऊन दारात थांबलेल्या. "पुरुष, वय एकसष्ट. पोटदुखी, पाठीत कळ, कपडे ढिले. त्यांनी सगळं सांगितलं होतं. मी लिहून घेतलं नाही."

"भाऊजी," वहिनींनी दारातूनच विचारलं, "वजन केलं होतं का त्यांचं?"

काटा माझ्या टेबलाशेजारीच असतो.

"नाही."

वहिनींनी सहा जणांना चहा दिला, ट्रे टेबलावर ठेवला आणि आत गेल्या. ट्रेमध्ये दोन कप उरले. एक भाऊंचा, सवयीनं भरलेला. दुसरा माझा. दोन्हींवर साय धरेपर्यंत मी स्टुलावरून उठलो नाही.